पाच वॅटची पेटी

गेल्या महिन्यात आमच्या विहाराच्या कार्यकारिणीची बैठक झाली. कोषाध्यक्ष या नात्याने मी जमाखर्च वाचून दाखवत होतो. सतरंज्या चार नग, नळदुरुस्ती, वर्षावासातील ग्रंथवाचनाचे चहापाणी... कुणी मान वर केली नाही. पण ‘गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, जुना, एक नग, रुपये ७,५००’ एवढे वाचले मात्र, आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते अण्णा हात वर करून म्हणाले, “थांबा. किती वॅटचा आहे तो?”

“पाच वॅटचा, अण्णा.”

“पाच? अहो, माझ्या मोरीतला बल्ब नऊ वॅटचा आहे!”

सगळी बैठक हसली. मीही हसलो. पण व्हाऊचरवर सही माझी होती, तेव्हा उत्तर देणे मला भाग होते. बैठकीत पाच मिनिटांत जे नीट सांगता आले नाही ते येथे सविस्तर लिहितो. हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण घरातले मूल गिटार मागू लागले की पहिला प्रश्न पैशाचा येतो आणि दुसरा शेजाऱ्यांचा. हे दोन्ही घरातलेच प्रश्न आहेत.

आमच्या विहारात दर रविवारी सात-आठ मुलेमुली बुद्ध-भीमगीतांचा सराव करतात. ढोलकी आहे, हार्मोनियम आहे आणि दोन वर्षांपासून एक इलेक्ट्रिक गिटारही आहे. ती वाजवणारी मुलगी यंदा बारावीला आहे. गिटार तिने शिकवणीचे वर्ग घेऊन साठवलेल्या पैशांतून घेतली. अडचण अशी की इलेक्ट्रिक गिटारला लाकडी गिटारसारखे पोकळ पोट नसते. नुसती वाजवली तर तिचा आवाज शेजारी बसलेल्यालाही नीट येत नाही. मुलांनी ती भाषणाच्या माईकच्या मशीनला जोडून पाहिली. आवाज आला, पण पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा! त्यांच्या गुरुजींनी सुचवले की व्हॉल्व्हचा एखादा लहान, जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळतो का पाहा. एक नोकरदार तरुण घर बदलत होता, त्याच्याकडे असा मिळाला. लाकडी पेटी, पुढे जाळीचे कापड, आत आठ इंची एक स्पीकर, आणि वरती फिरवायचे बटण एकच. आवाज कमी-जास्त करण्याचे. बास नाही, ट्रेबल नाही, काही नाही. मी त्या मुलीला म्हटले, “अगं, एवढंच?” ती म्हणाली, “काका, आधी ऐका तरी.”

ऐकले. आणि त्या दिवसापासून मी या पेटीच्या प्रेमात पडलो आहे, हे कबूल करतो.

व्हॉल्व्ह म्हणजे काय ते आमच्या पिढीला थोडेफार माहीत आहे. लहानपणी घरात मोठा लाकडी रेडिओ होता. बटण दाबले की आवाज लगेच येत नसे. आधी मागच्या भोकांतून लालसर उजेड दिसे, मग धूळ तापल्याचा वास, आणि मग हळूच निवेदकाचा आवाज. या पेटीचेही तसेच आहे. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक बारीक तार तापते आणि तिच्याभोवतीच्या नळकांड्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या पत्र्यावर तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, तिकडे ते धाव घेतात. वाटेत एक तारेची जाळी असते. गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की त्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते, आणि ती या जाळीवर आणून सोडतात. जाळीवर जरासा फरक पडला की पलीकडच्या प्रवाहात मोठा फरक पडतो. धरणाच्या दरवाजाचे चाक एकटा माणूस फिरवतो, पण पुढे लोंढा जातो तो सगळ्या धरणाचा, तसे. ही जाळी बसवण्याची युक्ती अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली केली. रेडिओ, बोलपट, सभेतला माईक, सगळे तिच्या जोरावर उभे राहिले.

पुढे १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह मागे पडला. हलका, स्वस्त, न तापणारा, न फुटणारा असा ट्रान्झिस्टर असताना काचेच्या नळ्या कोण सांभाळील? रेडिओतून गेल्या, टीव्हीतून गेल्या, सभेच्या मशीनमधून गेल्या. गिटारवाल्यांनी मात्र सोडल्या नाहीत. याला नुसती हौस कारणीभूत नाही. कोणताही अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे रेटला की आवाज फाटतो. साधे ट्रान्झिस्टरचे मशीन आवाजाच्या लाटेचा माथा कात्रीने कापावा तसा सपाट करते. व्हॉल्व्ह तसा एकदम हार मानत नाही. तो आधी दबतो, लाटेचा माथा गोल करतो, आणि मूळ स्वरात दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर मिसळतो. आपले शाहीर वरच्या पट्टीत गेले की त्यांच्या गळ्याला जी धार येते ना, खरखर असूनही बेसूर न होणारी, तीच गोष्ट. शिवाय हे सगळे वाजवणाऱ्याच्या बोटात राहते. तार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर गरजणारी.

आता अण्णांच्या वॅटकडे वळू. पन्नास वॅटचे मशीन पाच वॅटच्या दसपट मोठ्याने ओरडत नाही. ताकद दसपट वाढली की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, असा ध्वनिशास्त्राचा हिशेब आहे. तेव्हा पाच वॅट म्हणजे काही कमी नव्हेत. खोलीत, विहारात, ढोलकीबरोबर पुरून उरतात. आणि खरी मेख पुढेच आहे. पन्नास वॅटच्या मशीनमधून ती गरजणारी धार काढायची तर ते इतके वर न्यावे लागते की चाळीतले लोक काठी घेऊन येतील. लहान पेटीला ती धार लवकर येते. तिचे लहान असणे हाच तिचा गुण आहे. (चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भिंतीसारखे स्पीकर रचून वर्गणीचा मोठा हिस्सा एका रात्रीत कसा उडतो, त्यावर मी मागे लिहिले आहे. पुन्हा लिहीत नाही.)

या लहान पेटीचा मूळपुरुष शोधू लागलो तेव्हा मला अनपेक्षित आनंद झाला. कारण तो निघाला आमच्याच जातकुळीचा, हिशेबनीस! लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातले. लहानपणी एक डोळा गेलेला. कॉलेजात त्यांनी हिशेबशास्त्राचा अभ्यास केला आणि जमाखर्च लिहिण्याच्या नोकऱ्या केल्या. रेडिओदुरुस्तीचा नाद मात्र लहानपणापासून. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली सहाशे डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन गावात रेडिओदुरुस्तीचे दुकान घातले. तेथे वादक आपली बिघडलेली मशीन घेऊन येत, आणि त्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता हा माणूस गिटारचा कारखानदार झाला. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार कधीच वाजवता आली नाही! वाजवणाऱ्याला विचारायचे, त्याचे ऐकायचे, आणि दुरुस्तीला सोपे असे बनवायचे, हीच त्यांची पद्धत.

फेंडर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शिकाऊ मुलांसाठी एक लहान अ‍ॅम्प्लिफायर काढला. पुढे त्यालाच ‘चँप’ म्हणू लागले. पन्नाशीच्या दशकातील चँपमध्ये व्हॉल्व्ह किती? तीन. गिटारचा संदेश मोठा करणारा १२ एएक्स ७, स्पीकर हलवणारा ६ व्ही ६, आणि विजेचा उलटसुलट प्रवाह एकदिशा करणारा तिसरा. बटण एकच. ताकद पाच वॅटच्या आसपास. मी सर्किटचा नकाशा पाहिला. मला त्यातले फार कळते असे नाही, पण लहान दुकानाच्या ताळेबंदासारखा तो एका पानात मावतो. एकही रकाना फालतू नाही. बड्या वादकांनाही पुढे या शिकाऊ पेटीचा मोह पडला. १९७० साली मायामीत एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन यांनी ‘लैला’ ध्वनिमुद्रित केले ते असल्याच लहान चँपवर. (हो, नाव आपल्या ओळखीच्या लैला-मजनूवरूनच घेतलेले.)

परंतु मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते शिकागोबद्दल. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. पण त्यांच्या जगण्यात हे विजेचे यंत्र कसे शिरले, ते आपल्याकडे फारसे कुणी सांगितलेले नाही.

दक्षिणेतील मिसिसिपी राज्यात गोऱ्या मालकांच्या कापसाच्या मळ्यांवर कृष्णवर्णीय कुटुंबे वाट्याने शेती करीत. पीक निघाले की मालकाच्या वहीत त्यांच्या नावावर कर्जच शिल्लक राही. वही मालकाची आणि हिशेबही मालकाचा! हे वाचताना आपल्या सालगड्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्या मळ्यांतून लाखो लोक उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत गेले. त्यांतच १९४३ साली एक तरुण शिकागोला पोहोचला. जगाला तो मडी वॉटर्स या नावाने माहीत आहे. मळ्यावर तो लाकडी गिटार वाजवी आणि तेथे ती पुरे. शिकागोत दिवसा त्याने कागदाच्या कारखान्यात काम केले आणि रात्री दारूच्या गुत्त्यांत गाणे. पण कारखान्यातून सुटलेल्या शंभर माणसांच्या गलक्यात लाकडी गिटार कोण ऐकणार? पुढे त्याच्या मामांनी त्याला इलेक्ट्रिक गिटार दिली. मग मळ्यावरचे तेच दुःखाचे गाणे विजेतून निघू लागले आणि गलका गप्प झाला.

मॅक्सवेल स्ट्रीट नावाचा तेथे एक रविवारचा बाजार भरत असे. जुने कपडे, हत्यारे, भाजी, सगळे रस्त्यावर. दक्षिणेतून नुकते आलेले वादक तेथे उभे राहत आणि रस्त्याकडच्या घरातून किंवा दुकानातून वायर ओढून घेत. विजेचे चार पैसे घरमालकाला द्यायचे, लहान अ‍ॅम्प्लिफायर खुर्चीवर किंवा पेटाऱ्यावर ठेवायचा आणि सुरू. ना मंच, ना परवाना, ना आमंत्रण. लिटल वॉल्टर याने तर तोंडाने वाजवायचा माउथ ऑर्गनच माईकला चिकटवून अशा अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला. त्याची ‘ज्यूक’ ही तबकडी १९५२ साली कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

आणि आमच्या भगिनींसाठी एक गोष्ट खास. १९४२ च्या वर्षाची शेवटची रात्र. शिकागोच्या एका क्लबात मेम्फिस मिनी नावाची, चाळिशी ओलांडलेली कृष्णवर्णीय बाई बर्फाच्या कपाटावर चढून बसली आणि तेथून इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागली. कवी लँग्स्टन ह्यूज समोर होते. त्यांनी त्यावर ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात जानेवारी १९४३ मध्ये लेख लिहिला. विजेमुळे तो आवाज त्यांना एखाद्या कारखान्यासारखा वाटला, आणि त्या कल्लोळातही त्यांना दक्षिणेतले आपले माणूस ऐकू आले. गल्ल्यावरचे मालक कृष्णवर्णीय नव्हते, आणि पैसा त्यांच्याकडे जात होता, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. समाजाच्या साप्ताहिकात ऐंशी वर्षांपूर्वी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लेख आला होता, तेव्हा आमच्या संपादकांनीही मला जागा द्यायला हरकत नाही, असे मी त्यांना आधीच सुनावले आहे!

आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्च १९५१. आयक टर्नर यांचा वाद्यवृंद मिसिसिपीहून मोटारीने मेम्फिसला निघाला. वाटेत गिटारवाल्या विली किझार्टच्या अ‍ॅम्प्लिफायरला मार बसला आणि स्पीकर फाटला. दुसरा आणायला पैसे नाहीत. स्टुडिओवाल्याने फाटलेल्या जागी कागद कोंबला आणि त्याच भरड आवाजात ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित झाले. रॉक संगीताची सुरुवात त्या गाण्यापासून झाली, असे मानणारे जाणकार बरेच आहेत. पुढे तसा आवाज काढण्यासाठी कंपन्यांनी खास यंत्रे बनवून विकली.

असो. जुना चँप आता संग्राहकांच्या हाती गेला आहे, त्याची किंमत आपल्याला झेपणारी नाही. आमची पेटी आहे ती एपिफोन कंपनीची ‘व्हॉल्व्ह ज्युनिअर’. ही कंपनी मूळ अमेरिकेत आलेल्या ग्रीक स्थलांतरित कुटुंबाची, आणि १९५७ पासून गिब्सनच्या मालकांकडे आहे. २००० नंतरच्या दशकात त्यांनी चीनमध्ये बनवून ही पेटी काढली. किंमत साधारण शंभर ते दीडशे डॉलर. व्हॉल्व्हचे मशीन एवढ्या पैशांत मिळते यावर तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. आत व्हॉल्व्ह दोनच, एक १२ एएक्स ७ आणि एक ईएल ८४. आता ती नवीन निघत नाही, जुनी शोधावी लागते. सर्किट इतके साधे की हौशी लोकांनी ती उघडून त्यात हवे ते बदल केले.

तुम्ही मात्र उघडू नका. घरी अशी पेटी आणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आतला दाब जीवघेणा असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ कपॅसिटरमध्ये साठून राहतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचे. स्पीकरची वायर काढून मशीन कधी चालवू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. पेटी परदेशातून आली असेल तर ती १२० व्होल्टची नाही ना, हे मागची पाटी वाचून पाहावे. आणि तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, ही शोभेची नसते. आमच्याच विहारात सॉकेटला भोके तीन होती, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती! कुणी कधी पाहिले नाही. पेटी लावली की सतत गुणगुण, आणि एका रविवारी त्या मुलीचा एक हात तारांवर असताना ओठ माईकला लागले, तिला मुंग्या आल्या. तिने ते हसण्यावारी नेले. मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून इलेक्ट्रिशियन आणला, जमिनीत नवे अर्थिंग घातले. त्याचे १,८०० रुपये निराळे झाले. तेही मी बैठकीत वाचले होते, पण तेव्हा सगळे अजून बल्बवर हसत होते. गुणगुण थांबली ती थांबलीच.

ज्यांना एवढे करणे नको, त्यांनी मुलाला ट्रान्झिस्टरचा लहान अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. तो स्वस्त आहे, हलका आहे, देखभाल नाही. पहिली दोन वर्षे बोटे बसवण्यासाठी तो पुरे. गाण्याच्या माईकसाठी तर तोच बरा, कारण गाण्याला स्वच्छ आवाज हवा. व्हॉल्व्ह झिजतात आणि कधीतरी बदलावे लागतात. ते आता मुख्यतः चीन, रशिया आणि स्लोव्हाकियात बनतात. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाकडून येणारे व्हॉल्व्ह अडकण्याची पाळी आली आणि भाव चढले. मीही चिंतेत पडलो. ईएल ८४ गेला तर काय करायचे?

बैठकीनंतरच्या रविवारी अण्णा सरावाला आले, न बोलावता. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. मुलीने बटण दाबले आणि ती थांबली. अण्णा म्हणाले, “काय झालं? बिघडली का?” ती म्हणाली, “तापतेय, आजोबा.” अण्णा उठले, पेटीच्या मागे जाऊन वाकले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. तरुणपणी ते गायन पार्टीत कोरसला होते, गावोगाव वामनदादांची गाणी गायचे. मला म्हणाले, “अहो कोषाध्यक्ष, हा तर व्हॉल्व्ह! आमचा माईकवाला झाडावर कर्णा बांधायचा आणि म्हणायचा, मशीन तापल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. थंडीत आम्ही त्यावर हात शेकायचो.” पुढे दोन तास ते तेथेच होते. ढोलकीवाल्याची लय दोनदा चुकली, तेवढे मात्र त्यांनी ऐकवलेच.

दोन दिवसांनी अण्णांनी मला वस्तीतल्या रेडिओवाल्या मामांकडे नेले. त्यांचे दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली, आता माळ्यावर एक पत्र्याची पेटी तेवढी उरली आहे. मामांनी ती खाली घेतली, चष्मा लावला आणि पुठ्ठ्याच्या दोन लहान डब्या काढल्या. वर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे नाव, आणि खाली ईएल ८४. जुन्या रेडिओत हाच व्हॉल्व्ह असे, म्हणून त्यांनी ठेवला होता. एक त्यांनी स्वतः येऊन पेटीत बसवून पाहिला. वाजला. मामांनी पैसे घेतले नाहीत. मी वहीत ‘देणगी, वस्तुरूपात, व्हॉल्व्ह, दोन नग’ अशी नोंद केली आहे. पुढच्या बैठकीत वाचून दाखवीन.